पावसाळा, बायपोलर आणि मनगटावरची उजेडाची नोंद: तुमचे अनुभव हवेत

सागरविहार | १२ जुलै, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथे वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय ४३, राहणार वाशी, सिडकोच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर. २०१६ मध्ये मला बायपोलर टाइप २ (मूड कधी फार खाली, कधी वर नेणारा आजार) असल्याचं निदान झालं. गोळ्या नियमित चालू आहेत, फॉलो-अप ठाण्याला असतो. गेली तीन वर्षं जुलै लागला की मी खाली जाते. पहिला आठवडा नुसती सुस्ती, मग आंघोळीचा कंटाळा, मग फोन उचलणं बंद. घरचे म्हणतात, पावसाळ्यात सगळ्यांनाच मरगळ येते. येत असेल. पण सगळ्यांची मरगळ सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकत नाही.

या वेळी डॉक्टरांनी जूनमध्येच मूड चार्टला दोन रकाने जोडायला सांगितले: दिवसा बाहेरच्या उजेडात किती वेळ गेला, आणि रात्री घरातले दिवे कधी मालवले. मी आपलं अंदाजाने लिहायचे, "बाहेर: १ तास". मग भाच्याने त्याचं जुनं अ‍ॅपल वॉच दिलं. त्यात २०२३ पासून दिवसाच्या उजेडात घालवलेल्या मिनिटांची नोंद आपोआप होते. पहिल्या संध्याकाळी पाहिलं तर ४ मिनिटं. दुसऱ्या दिवशी ७. तिसऱ्या दिवशी मुद्दाम सागर विहारला ४० मिनिटं चालून आले, तरी आकडा ६!

घड्याळ बिघडलं असं धरून चालले होते. मग रेनकोट काढताना कळलं की घड्याळ पूर्ण वेळ बाहीच्या आत होतं. चौथ्या दिवशी बाही कोपरापर्यंत दुमडली, हात भिजला तर भिजू दे म्हटलं. त्या दिवशी ३८.

म्हणजे घड्याळ खोटं बोलत नव्हतं, आणि तसं पाहिलं तर मीही नाही. पण चार दिवसांपूर्वी मी "१ तास" लिहिलेलं पान डॉक्टरांना दाखवलं असतं, त्यांनी त्यावर काही ठरवलं असतं, तर? हे डोक्यातून जात नाहीये. मूडच्या आजारासाठी असं उजेड मोजणारं काही कुणी वापरलंय का? डॉक्टरांना दाखवलंत का? त्यावरून उपचारात काही बदल झाला का?


नौपाडेकर | १२ जुलै, रात्री ९.५५

ताई, तुमच्या त्रासाबद्दल मनापासून सहानुभूती. एक शंका विचारतो, राग मानू नका. उजेडाअभावी उदास वाटणं हा थंड देशांतला आजार म्हणून मी वाचलं आहे, जिथे हिवाळ्यात दुपारी तीन-चारलाच अंधार पडतो. आपण १९ अक्षांशावर. डिसेंबरातला लहानातला लहान दिवससुद्धा इथे ११ तासांचा असतो आणि जून-जुलैत तर तो १३ तासांच्या वर जातो. इतक्या उजेडात उजेड कमी पडतो हे मला पटायला जड जातंय. आम्ही जन्मभर पावसाळे काढले.


वॉर्ड_क्रमांक_तीन | १२ जुलै, रात्री ११.२०

मी मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतोय. इथे कुणाचं निदान करणार नाही, औषधही सुचवणार नाही. पण काकांची शंका रास्त आहे म्हणून लिहितो.

काका, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत केलं, आणि ते हिवाळ्याबद्दलच होतं. पण दिवस किती तासांचा हा आकाशाचा हिशोब झाला. डोळ्यात किती उजेड पडतो हा माणसाचा हिशोब वेगळा. भर उन्हात १ लाख लक्सपर्यंत उजेड असतो (लक्स हे उजेड मोजायचं माप). ढगाळ दिवशी उघड्यावर उभं राहिलं तरी काही हजार ते दहा हजार लक्स सहज मिळतात. आणि ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत? शंभर-दोनशे. आपल्या नजरेला हा फरक जाणवत नाही, कारण बुबुळ आणि डोळ्यातला पडदा लगेच जुळवून घेतात. खोली "छान उजेडाची" वाटते.

शरीराच्या घड्याळाला मात्र फरक कळतो. डोळ्याच्या पडद्यावर बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एक प्रकारच्या पेशी असतात, त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचं द्रव्य असतं. त्या थेट मेंदूतल्या मुख्य घड्याळाला निरोप देतात: दिवस आहे की रात्र. या पेशी स्वतः उजेड ओळखतात हे २००२ मध्ये सिद्ध झालं, म्हणजे ही माहिती तशी नवी आहे. त्याआधी १९८० मध्ये आल्फ्रेड लुई यांनी दाखवलं होतं की २५०० लक्सच्या उजेडाने माणसाचं रात्रीचं मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक) दबतं, ५०० लक्सने तसं झालं नाही. पुढे कळलं की मंद उजेडसुद्धा अनेकांना पुरतो, माणसामाणसात फार फरक असतो.

त्यामुळे वाशीत राहून, घरातून काम करून, पत्र्याच्या शेडखाली बसून एखाद्या बाईला उत्तरेकडच्या हिवाळ्याइतकाच उजेड मिळणं अगदी शक्य आहे. पावसाळी मरगळ सरसकट याच कारणाने येते असं मी म्हणणार नाही. मोजून पाहण्याजोगी गोष्ट आहे इतकंच.


सागरविहार | १३ जुलै, दुपारी १.१५

पत्र्याची शेड! तुम्हाला कसं कळलं? आमच्या हॉलच्या खिडकीवर शेड आहेच, आणि जूनमध्ये वाऱ्याने पाणी आत येतं म्हणून ग्रिलला निळं प्लॅस्टिकही बांधतो. वाशीत अर्ध्या जुन्या इमारती पावसाळ्यात अशाच निळ्या होतात.

आज बहिणीकडून लक्स मीटर आणला, ती छोट्या कारखान्यात सेफ्टीचं काम बघते. रविवारची सकाळ त्यातच गेली. ११ वाजता, आभाळ भरलेलं, पाऊस थांबलेला: सागर विहारच्या कठड्याजवळ मीटर डोळ्यांसमोर उभा धरला तर ९,४००. घरी येऊन खिडकीला अगदी चिकटून उभी राहिले तर ५१०. मग माझं कामाचं टेबल, खिडकीपासून चार पावलं आत, ट्यूब लावलेली. डोळ्यापाशी ७०.

या ७० मध्ये मी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ बसते. सहा दिवस. मीटर हातात घेऊन मी तिथे कितीतरी वेळ नुसती बसून होते. आळशी झालेय, मन कमकुवत आहे, असं मीच स्वतःला तीन वर्षं ऐकवत आले.


सर्किट_ऐरोली | १३ जुलै, संध्याकाळी ६.३०

सेन्सर हा माझा रोजचा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो. धागाकर्तीने मीटर डोळ्यांसमोर उभा धरला ते फार बरोबर केलं. टेबलावर आडवा ठेवला असता तर छताच्या दिव्यामुळे आकडा दुपटी-तिपटीने फुगला असता.

मनगटी यंत्राची पहिली अडचण रेनकोटने दाखवलीच: सेन्सर मनगटावर, काम डोळ्याचं. बाही, शाल, पांघरूण, खिशात घातलेला हात, लोकलमध्ये वर कडी धरलेला हात, सगळ्याने आकडा बदलतो. म्हणून काही संशोधक सेन्सर चष्म्याच्या काडीवर लावतात किंवा लॉकेटसारखा गळ्यात अडकवतात. डोळ्याच्या जितकं जवळ तितकं खरं, आणि तितकंच चारचौघांत घालायला अवघड. मनगटावरचं माणूस पंधरा दिवस घालतो, चष्म्यावरचं दुसऱ्या दिवशी काढून ठेवतो. मला विचाराल तर रोज घातलं जाणारं मध्यम यंत्र बरं.

दुसरी अडचण लक्सचीच आहे. लक्स हे माप डोळ्याच्या बघण्याच्या क्षमतेवर बेतलेलं आहे, त्यात हिरवा-पिवळा रंग, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा, सगळ्यात जास्त मोजला जातो. मेलॅनोप्सिनला चालतो निळसर, ४८० च्या आसपासचा. म्हणून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने वेगळं माप ठरवलं, मेलॅनोपिक लक्स म्हणा. दिवसाउजेडी दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. पिवळ्या वॉर्म बल्बखाली मेलॅनोपिक आकडा साध्या लक्सच्या साधारण निम्मा येतो. म्हणजे घरात वॉर्म दिवे लावून मीटरवर १०० दिसले तर शरीराच्या घड्याळाच्या लेखी ते ५० च. रात्री हेच आपल्या पथ्यावर पडतं.

या विषयातल्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये एकत्र येऊन शिफारस केली: दिवसा डोळ्यापाशी किमान २५० मेलॅनोपिक लक्स, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १०, झोपेत १ च्या आत. ही निरोगी प्रौढांसाठीची शिफारस आहे, उपचाराचा डोस नाही. तुमचे ७० त्याच्याशी ताडून बघा.

आता यंत्रं. संशोधनातल्या मनगटी यंत्रांपैकी ब्राझीलच्या कॉन्डॉर कंपनीचं अ‍ॅक्टलुमस मेलॅनोपिक मोजतं, रात्रंदिवस नोंद ठेवतं. पण ती वस्तू प्रयोगशाळेसाठी आहे, आपण उठून दुकानात जाऊन आणावी अशी नाही. अ‍ॅपल वॉच फक्त बाहेरच्या उजेडातली मिनिटं सांगतं. लक्स दाखवत नाही, आणि रात्री घरात किती दिवे जळतात याबद्दल अवाक्षर काढत नाही. मूडच्या आजारात रात्रीची बाजूही तितकीच महत्त्वाची असेल तर हे घड्याळ अर्धीच गोष्ट सांगतंय. फोनवरची लक्सची फुकट अ‍ॅप्स फोनागणिक वेगळा आकडा देतात, पण एकाच फोनवर "ही जागा की ती जागा" एवढं बघायला चालतात.


कोपरखैरणे_दादा | १३ जुलै, रात्री १०.०५

या धाग्यावर लिहू की नको, दिवसभर विचार करत होतो. लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझा धाकटा भाऊ, बायपोलर टाइप १. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तो फार खाली होता. मीच इंटरनेटवर वाचून ऑनलाइन लाइट बॉक्स (उपचारासाठीचा प्रखर दिवा) मागवला, १०,००० लक्सवाला. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण दिवाच तर आहे, गोळी थोडीच आहे, असं वाटलं. सकाळी सहा वाजता त्याला त्याच्यासमोर बसवायचो. अर्धा तास लिहिलं होतं, मी दोन तास बसवलं. लवकर बरा व्हावा म्हणून.

चौथ्या दिवशी तो स्वतःहून उठून भांडी घासत होता. आई रडली आनंदाने. सातव्या दिवशी तो पहाटे तीनला उठून सगळ्या घराला रंग द्यायच्या गोष्टी करत होता. दहाव्या दिवशी झोप पूर्ण बंद, बोलणं थांबत नव्हतं, आणि चौदाव्या दिवशी आम्ही त्याला अ‍ॅडमिट केलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, नवीन काय सुरू केलं? मी म्हटलं, काही नाही. दिवा मी औषधात धरलाच नव्हता. तीन दिवसांनी आईने सहज उल्लेख केला तेव्हा त्यांना कळलं.

भाऊ आता ठीक आहे, कामावर जातो. पण त्याच्या त्या सहा आठवड्यांचं ओझं माझ्यावर आहे. कृपा करून कुणी परस्पर दिवा लावू नका.


वॉर्ड_क्रमांक_तीन | १३ जुलै, रात्री ११.४०

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. तुम्ही प्रेमापोटी केलंत. तिसऱ्याच दिवशी का होईना, डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोहोचली हेही महत्त्वाचं.

प्रकाशोपचार हा खरा उपचार आहे, म्हणूनच त्याचे खरे दुष्परिणाम आहेत. २०१६ मध्ये कॅनडातल्या रेमंड लॅम यांच्या गटाने १२२ रुग्णांवर अभ्यास केला. ऋतूशी संबंध नसलेलं साधं नैराश्य, रोज सकाळी अर्धा तास १०,००० लक्स, आठ आठवडे. प्रकाश आणि फ्लुऑक्सेटिनची गोळी दोन्ही मिळालेल्यांना सगळ्यात जास्त फरक पडला. पण त्यात बायपोलरचे रुग्ण घेतले नव्हते.

बायपोलरबद्दल डोरोथी सिट यांचं काम बघण्यासारखं आहे. २००७ मध्ये त्यांनी मोजक्या स्त्रियांवर सकाळचा प्रकाश वापरून पाहिला. सकाळी प्रकाश घेतलेल्या चौघींपैकी तिघींमध्ये उदासी आणि उत्तेजना एकत्र अशी मिश्र अवस्था उद्भवली. मग त्यांनी वेळच बदलली, दुपारची केली. २०१८ चा अभ्यास ४६ रुग्णांचा: ७,००० लक्स, दुपारी १२ ते २.३० च्या दरम्यान, सुरुवात १५ मिनिटांनी आणि दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवत तासापर्यंत. मूड स्थिर ठेवणारी औषधं सगळ्यांना चालू होती. प्रकाश मिळालेल्यांपैकी ६८ टक्के नैराश्यातून बाहेर आले, मंद दिवा मिळालेल्यांपैकी २२ टक्के. कुणीही मेनियात, म्हणजे अतिउत्साहाच्या अवस्थेत, गेलं नाही.

म्हणून किती लक्स, किती मिनिटं आणि किती वाजता, हे तिन्ही डोसचे भाग आहेत. दादांच्या भावाला सकाळी सहाला चौपट वेळ मिळाला. डोळ्याच्या पडद्याचे आजार असणाऱ्यांनी, मधुमेहामुळे पडद्यावर परिणाम झालेल्यांनी, उजेडाला संवेदनशील करणारी औषधं घेणाऱ्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही आधी विचारायला हवं.

उजेड मोजण्याचा उपयोग मला इथेच वाटतो. गोळी किती घेतली हे पाकिटावरून मोजता येतं. उजेड किती "घेतला" याचा काहीच पुरावा नसतो. रुग्ण म्हणतो सकाळी बसलो होतो, पण बसला तो खिडकीत की गच्चीवर, यात वीसपट फरक.


माइंडस्पेस_रात्रपाळी | १४ जुलै, सकाळी ७.५०

ऐरोलीतून ठाण्याच्या गाडीत बसून लिहितोय. माझी सपोर्टची शिफ्ट रात्री ९.३० ते सकाळी ६.३०, सहा वर्षं. नैराश्याच्या गोळ्या दीड वर्षापासून. इथलं वाचून काल रात्री सर्किट दादांच्या पद्धतीने फोनवर बघितलं: ऑफिसमध्ये रात्री २ वाजता माझ्या जागेवर ४२०. तिथे सगळे दिवे पांढरेशुभ्र. आणि घरी जाऊन जाड पडदे लावून झोपलो की दुपारी ३ पर्यंत शून्य. म्हणजे माझा दिवस आणि रात्र पूर्ण उलटे आहेत. आणि आता या क्षणी डब्यात उजव्या खिडकीतून तोंडावर ऊन येतंय. हे घ्यावं की टाळावं?


वॉर्ड_क्रमांक_तीन | १४ जुलै, दुपारी २.३०

शिफ्ट संपवून झोपायला जाताना तोंडावर ऊन आलं की मेंदूला "दिवस सुरू झाला" असा निरोप जातो आणि झोप उडते. म्हणून रात्रपाळीचे लोक घरी जाताना काळा चष्मा लावतात, त्याने दिवसाची झोप सुधारायला मदत होते. तुम्ही गाडीत बसून जाता म्हणून सांगतो. बाइकवर असता तर पेंगुळलेल्या डोळ्यांवर काळा चष्मा नको म्हटलं असतं. पण आठवड्याच्या सुट्टीत तुम्ही दिवसा जागता की रात्री, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दोन आठवड्यांची झोपेची आणि उजेडाची वही करा आणि तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा. पाळी बदलून मिळावी म्हणून त्यांचं पत्रही मागता येतं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, पण तुम्हाला तो लागू होतो का हे आजाराच्या तीव्रतेवर आणि प्रमाणपत्रावर ठरेल.


कोलशेतची_आई | १६ जुलै, रात्री ९.१०

माझी मुलगी १९ वर्षांची, कॉलेजला आहे. नैराश्याचं निदान गेल्या वर्षी झालं. तिला घड्याळ घेऊन दिलं ते चांगल्या हेतूने, पण ती आता दर तासाला मिनिटं बघते. परवा दिवसभर धो धो पाऊस, आकडा ३. रात्री म्हणाली, "आई, आज मी हेसुद्धा करू शकले नाही." माझ्या पोटात गोळाच आला. मोजल्याने तिला अपयशाची आणखी एक यादी मिळाली असं वाटतंय. घड्याळ काढून घेऊ का?


सागरविहार | १६ जुलै, रात्री ९.५०

आई, काढून घेऊ नका, पण आकडा तिच्या डोळ्यांआड करा. मलाही पहिल्या आठवड्यात तसंच झालं होतं. आता घड्याळाच्या तबकडीवर तो आकडा दिसतच नाही, नोंद आतल्या आत होत राहते. रविवारी नवरा फोनमधून आठवड्याचे आकडे वहीत उतरवतो आणि मी शेजारी मूडचे गुण लिहिते. शिवाय वहीत "पाऊस" असा वेगळा रकाना आहे. धो धो पावसाचा ३ आणि कोरड्या दिवसाचा ३ सारखे नाहीत, हे तिला दिसायला हवं. आणि तिने तुम्हाला ते वाक्य सांगितलं, मनात ठेवलं नाही, हे मला खूप मोठं वाटतं.


सर्किट_ऐरोली | १६ जुलै, रात्री १०.३०

आईंना आणखी एक. तिच्या रात्रीकडेही बघा. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास ८७,००० लोकांच्या मनगटावरच्या सेन्सरची एका आठवड्याची नोंद अभ्यासली गेली. रात्री सगळ्यात जास्त उजेडात असणाऱ्या चौथ्या हिश्शात नैराश्याची शक्यता सुमारे ३० टक्के जास्त, तर दिवसा सगळ्यात जास्त उजेडात असणाऱ्यांत सुमारे २० टक्के कमी आढळली. उजेडामुळे नैराश्य की नैराश्यामुळे रात्रीची जाग, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण पावसाळ्यात दिवस आपल्या हातात नसतो, रात्र असते. रात्री नऊनंतर पांढरी ट्यूब बंद करून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावायला पावसाची परवानगी लागत नाही.


कोपरखैरणे_दादा | १७ जुलै, सकाळी ८.००

रात्रीबद्दल बरोबर. भाऊ अ‍ॅडमिट होता तेव्हा डॉक्टरांनी संध्याकाळनंतर खोली अंधारी ठेवायला सांगितली होती. नॉर्वेत मेनियाच्या रुग्णांना संध्याकाळी ६ ते सकाळी ८ निळा उजेड अडवणारे नारिंगी चष्मे देऊन २०१६ मध्ये प्रयोग झाला आणि आठवड्याभरात फरक दिसला, असं नंतर त्यांनीच सांगितलं. औषधांच्या जोडीला, हेही सांगितलं. आता आमच्या घरी नऊला हॉलचे दिवे उतरतात. आई जपमाळ घेऊन बसते, भाऊ रेडिओ ऐकतो.


उपवन_काठ | १९ जुलै, रात्री १.४०

मी नवीन आहे. धागा वाचला. मला मोजायला वगैरे काही नको आहे. आज सगळंच नको झालंय.


सागरविहार | १९ जुलै, रात्री १.५२

मी जागी आहे. इथेच आहे. घरात कुणी आहे का? असेल तर उठवा, झोपमोड झाली तरी चालेल. आणि आत्ता १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारी आहे, २४ तास चालू, मराठीत बोलतात. मी मागच्या वर्षी लावला होता. मला फार काही बोलता आलं नाही, तरी पलीकडच्या बाईने फोन ठेवला नाही. तुमच्याजवळ काही धोकादायक असेल तर ते घरच्यांच्या हातात द्या. लावलात की इथे एक शब्द लिहा. मी वाट बघते.


उपवन_काठ | १९ जुलै, रात्री २.४५

बोलले. बहीण उठली आहे. जवळ बसली आहे.


वॉर्ड_क्रमांक_तीन | १९ जुलै, सकाळी ६.५५

वाचून जीव भांड्यात पडला. आज सकाळीच बहिणीला घेऊन डॉक्टरांकडे जा, अपॉइंटमेंट नसली तरी. खासगी जमत नसेल तर ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. नाव ऐकून बिचकू नका, तिथे रोज तुमच्या-माझ्यासारखे लोक गोळ्या घेऊन घरी जातात.


घोडबंदर_७ | २२ जुलै, दुपारी १२.१०

एक व्यावहारिक मुद्दा. माझ्या ऑफिसने "वेलनेस" म्हणून सगळ्यांना बँड वाटले आणि नोंदी कंपनीच्या अ‍ॅपवर जातात. झोप, उजेड, सगळं. आजार लपवायचा विषय नाही, पण कुणाला सांगायचं हे मी ठरवणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क दिला आहे, पण आपणच अ‍ॅपवर टिक करून परवानगी दिली तर तो कुठवर पुरणार? मी उपचाराच्या नोंदींसाठी स्वतःचं वेगळं यंत्र आणि कागदाची वही ठेवली आहे.


सागरविहार | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ७.२०

बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं म्हणून सांगते.

२६ जुलैला वही घेऊन ठाण्याला गेले. डॉक्टरांनी आधी दिवसाचे आकडे पाहिलेच नाहीत, बोट थेट रात्रीच्या रकान्यावर. "हे साडेबारा का?" मी म्हटलं, रात्री स्वयंपाकघर आवरते, उद्याच्या डब्याची भाजी चिरून ठेवते. ओट्यावर अगदी डोळ्यांसमोर पांढऱ्या दिव्यांची पट्टी लावली आहे, गेल्या दिवाळीत. मीटरवर ती ३४०. म्हणजे दिवसा कामाच्या टेबलावर ७० आणि रात्री बाराला ओट्यापाशी ३४०. हे मीच लिहिलं होतं आणि महिनाभर मलाच दिसलं नव्हतं.

बदल असे झाले. भाजी सकाळी चिरायची, नाहीतर नवऱ्याने. ओट्याची पट्टी नऊनंतर बंद, पिवळा बल्ब. दिवसा: दुपारी १२.३० ला जेवणाच्या सुट्टीत बाहेर, आधी १५ मिनिटं, दर आठवड्याला थोडी वाढवून आता ४५. पाऊस असेल तर सोसायटीच्या गेटजवळच्या मोकळ्या शेडच्या कडेला खुर्ची टाकून बसते, तिथे भर पावसातही मीटर ३,००० च्या खाली गेला नाही. लाइट बॉक्स नाही. गोळ्यांत बदल नाही. आणि एक अट: झोप सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेली किंवा अंगात उगाच उत्साह संचारला, तर दुपारचं बसणं लगेच थांबवून फोन करायचा. ही अट नवऱ्याने फ्रिजवर चिकटवली आहे.

ऑगस्ट सोपा गेला नाही. दुसरा आठवडा पूर्ण वाईट होता, तीन दिवस आंघोळ नाही. पण गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच रजा टाकावी लागली नाही, आणि राखीला बहिणीकडे जाऊन आले. उजेडाने झालं, झोपेने झालं की बाहेर पडून गेटवरच्या वॉचमनशी रोज दोन शब्द बोलल्याने, मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या पावसाळ्यात मेपासूनच वही सुरू करू. निळं प्लॅस्टिक यंदा काढलं, पाणी येतं तिथे जुना टॉवेल.

दादा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.


उपवन_काठ | ३१ ऑगस्ट, रात्री ९.००

मी ठीक आहे. गोळ्या सुरू आहेत. सकाळी बहिणीबरोबर तलावाला एक फेरी होते. मोजत नाही अजून.


नौपाडेकर | १ सप्टेंबर, सकाळी १०.१५

सागरविहार ताई, मी पहिल्या दिवशी शंका घेतली होती. आमची ही गेल्या श्रावणापासून गप्प असते, मी वय झालं म्हणून सोडून देत होतो. आमचं घर राम मारुती रोडच्या मागे, दोन्ही बाजूंना नवे टॉवर उठलेत. परवा दुपारी बारा वाजता ती दिवा लावून पोथी वाचत होती, तेव्हा मला तुमचे ७० आठवले. येत्या शुक्रवारी तिला डॉक्टरांकडे नेतो आहे. तोवर तुमचा मीटर दोन दिवस मिळेल का?


सागरविहार | १ सप्टेंबर, सकाळी १०.४०

काका, नक्की. उद्या माझा ठाण्याला फॉलो-अप आहेच. ११ वाजता स्टेशनबाहेर सॅटिस पुलाच्या जिन्यापाशी भेटू. सेल नवीन घातलेत. आणि काकूंच्या डोळ्यापाशी उभा धरा, पोथीवर आडवा ठेवू नका.